वजाबाकीतून दिसणारी माणसं

ब्रिटनमध्ये दर वर्षी पगारांची एक मोठी पाहणी होते. कर खात्याच्या नोंदींतून नोकऱ्यांपैकी साधारण एक टक्का नोकऱ्या निवडतात आणि प्रश्नावली थेट मालकाकडे जाते. मालक आपलं वेतनपत्रक उघडून तास, मूळ पगार, ओव्हरटाइम, बोनस भरून देतो. ‘अ‍ॅन्युअल सर्व्हे ऑफ अवर्स अँड अर्निंग्ज’ असं तिचं लांबलचक नाव. सगळे ‘अ‍ॅश’ म्हणतात. नर्सिंग होममध्ये आणि घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांचं करणाऱ्यांच्या पगारावर माझी पीएचडी चालू आहे. पगार किती, असं माणसाला विचारलं की तो अंदाजे आकडा सांगतो. मालकाच्या कागदावर पेनीपर्यंत हिशेब असतो. म्हणून मला अ‍ॅशच हवी होती.

त्या फायलीत नावं नसतात. पण वय, व्यवसाय, कामाची जागा, संस्था केवढी, तासाला किती मिळतात, हे सगळं एका ओळीत असतं. लहान गावात एकच नर्सिंग होम आणि तिथे साठीपुढची एकच स्वयंपाकीण असेल, तर तिचं नाव छापायची गरज कुणाला? त्यामुळे ती फाइल कुणाला पाठवत नाहीत. आपणच तिच्याकडे जायचं. आणि जाण्याआधी शिकून, परीक्षा देऊन, मान्यता घेऊन जायचं.

पुण्यात एम.ए. करताना मी आपल्या सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून श्रमबल पाहणीचा डेटा उतरवून घेतला होता. चहा होईपर्यंत लाखभर माणसं माझ्या लॅपटॉपवर. तो डेटा सगळ्यांना वापरता यावा म्हणून ओळखी काढूनच ठेवलेला असतो, तेव्हा त्यात वावगं काही नाही. पण हाताला सवय लागते. डेटा म्हणजे डाउनलोड, पेनड्राइव्ह, वर्गमित्राला मेल. ती सवय घेऊन मी इथे आले होते.

आधी अर्ज. २०१७च्या डिजिटल इकॉनॉमी कायद्याखाली ब्रिटनचं सांख्यिकी प्राधिकरण संशोधकांना मान्यता देतं. पदवीत गणित किंवा संख्याशास्त्राचा भरीव वाटा हवा, नाहीतर आकडेवारीवरच्या संशोधनाचा तीन वर्षांचा अनुभव हवा. दोन्ही नसेल तर तात्पुरती मान्यता मिळते, पण मग पूर्ण मान्यता असलेल्या कुणाच्या तरी देखरेखीखाली काम करायचं. माझ्या गुणपत्रिकेवर विषयांच्या जागी नुसते सांकेतिक क्रमांक. त्यातला अर्थमिती कुठला आणि संख्याशास्त्र कुठलं, हे पटवायला विद्यापीठाकडून अभ्यासक्रम मागवावा लागला. तो यायला जो वेळ लागला त्याबद्दल न बोललेलं बरं.

मग प्रकल्पाचा वेगळा अर्ज. हाच डेटा का, यापेक्षा कमी तपशिलात काम का भागणार नाही, यातून जनतेचं भलं काय, निष्कर्ष कुठे छापणार. एक समिती ते वाचते. मान्यता मिळालेल्यांची नावं आणि त्यांचे प्रकल्प जाहीर यादीत लागतात, कुणालाही बघता येतात. लोकांची माहिती बघणाऱ्याचं नाव लोकांना बघता यावं, हे मला एकदम पटलं. बाकी कागदपत्रांत काही महिने गेले आणि त्यातल्या निम्म्या वेळात तरी मी वैतागलेली होते.

प्रशिक्षणाचं नाव ‘सेफ रिसर्चर ट्रेनिंग’. आमची तुकडी ऑनलाइन होती: काही पीएचडीवाले, नगरपालिकेतली एक बाई, बँकेतला एक विश्लेषक. पहिला अर्धा भाग कायदा आणि व्यवस्थेचा. मला वाटलं होतं, सुरुवातच तुरुंगापासून होणार. कायदा तेवढा कडक आहे: २००७च्या सांख्यिकी आणि नोंदणी सेवा कायद्याचं ३९वं कलम, गोपनीय माहिती बेकायदा उघड केली तर दोन वर्षांपर्यंत कैद. पण शिकवणाऱ्या बाईंनी त्यावर एकच स्लाइड दाखवली आणि पुढे गेल्या. कारणही सांगितलं. पूर्वी अशा वर्गांत धाक घालण्यावर भर असे. धाकानं लोक सावध होतात हे खरं, पण काही चुकलं तर सांगायलाही घाबरतात. आणि चुकलेलं लगेच कळणं हेच या कामात सगळ्यांत महत्त्वाचं. शिवाय, त्या म्हणाल्या, या वर्गात कुणी चोर नाही; घाईत असलेले, डेडलाइन डोक्यावर असलेले लोक मात्र सगळेच आहेत.

‘फाइव्ह सेफ्स’ ही चौकट तिथे शिकवतात. ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयात २००३च्या सुमारास फेलिक्स रिची यांनी ती मांडली आणि आता ती इतर देशांतही वापरतात. प्रकल्प, माणसं, जागा, डेटा आणि बाहेर जाणारे निकाल, या पाचही बाबतींत वेगवेगळा विचार करायचा. एकीकडे सैल सोडलं तर दुसरीकडे आवळायचं. डेटा तपशीलवार द्यायचा असेल तर जागा बंदिस्त हवी. डेटा जगजाहीर करायचा असेल तर त्यातले तपशील आधीच पुसलेले हवेत. सोपं वाटतं, पण याआधी मी गोपनीयतेकडे कुलूप आहे की नाही एवढ्याच हिशेबानं बघत होते.

उदाहरणं दोन दिली आणि दोन्ही लक्षात राहिली. पहिलं ब्रिटनचंच. २००७ साली महसूल खात्यातून बालभत्त्याच्या नोंदींच्या दोन सीडी लेखापरीक्षकांकडे पाठवल्या आणि वाटेत गहाळ झाल्या. अडीच कोटी लोकांची माहिती: नावं, पत्ते, जन्मतारखा, बँक खाती. सीडींना पासवर्ड होता, पण माहिती सांकेतिक रूपात बदललेली नव्हती. खात्याच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. यातली मला सर्वांत झोंबलेली गोष्ट वेगळीच. लेखापरीक्षकांनी बँक खात्यांसारखे तपशील काढून टाका असंच सांगितलं होतं. पण गाळणी करायला खर्च येईल म्हणून सगळंच पाठवलं गेलं. म्हणजे नको असलेली माहिती केवळ ती वेगळी काढायचा खर्च नको म्हणून हरवली.

दुसरं अमेरिकेतलं. मॅसॅच्युसेट्स राज्यानं सरकारी कर्मचाऱ्यांच्या आजारपणाच्या नोंदी नावं-पत्ते काढून संशोधकांना दिल्या. गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी काळजीचं कारण नाही अशी ग्वाहीही दिली. लटान्या स्वीनी तेव्हा एमआयटीत शिकत होत्या. त्यांनी केंब्रिज शहराची मतदार यादी वीस डॉलरला विकत घेतली आणि दोन्ही याद्या जुळवल्या. गव्हर्नरांची जन्मतारीख असलेले मतदार सहा, त्यांतले पुरुष तीन, त्यांच्या पिनकोडातला एकच. खुद्द गव्हर्नरांचाच वैद्यकीय इतिहास हाती लागला. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड, बस. आपल्याकडे मतदार याद्या निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतात आणि त्यात वय, लिंग, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, घर क्रमांक असतो, हे ऐकताना माझ्या डोक्यात येऊन गेलं.

जेवणानंतरचा भाग मात्र खरा अभ्यास. बाहेर काढायच्या निकालांतून माणूस ओळखू येऊ नये यासाठी काय बघायचं ते. वर्गात सगळ्यांचे चेहरे इथे बदलले, कारण इथवर आपण इतरांबद्दल ऐकत होतो आणि आता आपलेच तक्ते समोर आले.

पहिला नियम लहान आकड्यांचा. तक्त्याच्या कुठल्याही चौकटीत ठरावीक संख्येपेक्षा कमी माणसं नकोत. माझा डेटा जिथे ठेवलेला असतो त्या केंद्रात ती संख्या दहा, केंद्रागणिक बदलते. इथवर सगळ्यांना कळतं. गंमत पुढे आहे. समजा तुमच्या पहिल्या तक्त्यात १,३४२ माणसं आहेत. दुसऱ्या तक्त्यात बोनस मिळालेले वगळले म्हणून १,३३८ उरले. दोन्ही आकडे भक्कम. पण दोघांची वजाबाकी केली की चार माणसं उरतात, आणि दोन्ही सरासऱ्या छापलेल्या असतील तर त्या चौघांची सरासरी गणिती माणूस मिनिटभरात काढतो. तुमचा तक्ता एकटा निर्दोष असतो, तुमच्या मागच्या वर्षीच्या लेखाशेजारी ठेवला की उघडा पडतो. कधीकधी तर दुसऱ्याच कुणीतरी छापलेल्या लेखाशेजारी. याला सोपा उपाय नाही. वयोगट, प्रदेश, व्यवसायाचे गट एकदा ठरवले की दर तक्त्यात तेच ठेवायचे, एवढंच हाती असतं.

मग दोघांचा प्रश्न. मी कापसाच्या पट्ट्यातली, त्यामुळे शिकवणाऱ्या बाईंनी उदाहरणात घेतलेल्या स्टील कंपन्यांच्या जागी मी मनातल्या मनात जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या गिरण्या, बसवल्या. तालुक्यात दोनच जिनिंग असतील आणि तुम्ही दोघांची मिळून उलाढाल छापली, तर बाहेरच्या माणसाला काही कळत नाही. पण पहिला शेठ आपला आकडा वजा करून दुसऱ्याचा धंदा जाणतो. ज्याला कळू नये त्यालाच कळतं. आणि जिनिंग पंधरा असल्या, तरी त्यातली एकच नव्वद टक्के माल दाबत असेल, तर एकूण आकडा म्हणजे तिचाच आकडा. इथे डोकी मोजून भागत नाही.

सगळ्यांत अवघड वाटला तो भरलेल्या चौकटीचा प्रकार. एका गटात चाळीस माणसं आहेत आणि चाळीसही किमान वेतनापेक्षा कमी पगारावर आहेत, असं तुम्ही छापलं. चौकटीत चाळीस, नियमात बसतं. पण त्या गटातल्या प्रत्येकाबद्दल आता सगळ्यांना कळलं. त्यांच्यातला एकही माणूस ‘मी त्यातला नाही’ म्हणू शकत नाही. शून्य छापलं तरी हाच घोळ. हे ऐकताना मला इंग्लंडातलं काही आठवलं नाही, आमच्याकडची गावं आठवली. दोनशे उंबऱ्यांच्या गावात गुरवाचं घर एक असतं, न्हाव्याची दोन. जात आणि गाव एका तक्त्यात आले की नाव लपवण्याला काही अर्थ राहत नाही. आणि आपले किती शोधनिबंध नेमके याच दोन गोष्टींचे तक्ते मांडतात!

बाकीचं मी पटकन सांगते. सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा बाहेर नेता येत नाही, कारण तो कुणातरी एकाचाच असतो. ठिपक्यांचा आलेख नाही, कारण प्रत्येक ठिपका एक माणूस. प्रतिगमनाचे गुणांक, म्हणजे एका गोष्टीचा दुसरीशी किती संबंध ते सांगणारे आकडे, मात्र बहुतेक वेळा निर्धोक, कारण त्यात एकेकटा माणूस विरघळून गेलेला असतो. ज्यांना तक्त्यांपेक्षा मॉडेलं आवडतात त्यांची ही चैन. नंतर परीक्षा झाली. एक तक्ता देऊन यात काय काय खुपतं ते शोधा, अशा धर्तीचे प्रश्न. पाठांतराचा उपयोग नव्हता.

मान्यता पाच वर्षांची. ती आल्यावर मी ‘सेफपॉड’मध्ये जायला लागले. विद्यापीठाच्या आवारात उभी केलेली ती एक चिमुकली खोली: एक टेबल, एक पडदा, छताला कॅमेरा, दाराला इलेक्ट्रॉनिक कुलूप. अशा खोल्या ब्रिटनमध्ये ठिकठिकाणी आहेत. त्यांचं जाळं सेंट अँड्र्यूज विद्यापीठ चालवतं. डेटा त्या खोलीतही नसतो. तो दूरच्या सर्व्हरवर असतो, आपल्याला फक्त चित्र दिसतं. आत इंटरनेट नाही, कॉपी करून बाहेर आणणं नाही, पडद्यावरचा आकडा कागदावर उतरवणं नाही, फोटोचा तर प्रश्नच नाही. स्वतः लिहिलेला कोडसुद्धा अर्ज करून आत न्यावा लागतो. मी घरी खोट्या आकड्यांवर कोड तपासून मगच आत नेऊ लागले, आणि त्यामुळे माझा कोड सुधारला, हा अनपेक्षित फायदा.

पहिली अडचण आली ती माझ्या गाइडकडून. सर भले माणूस, उत्साही. ‘आकडे काय म्हणतायत? जरा स्क्रीन शेअर कर ना.’ त्यांचं नाव प्रकल्पात नव्हतं, त्यामुळे तपासून बाहेर आलेल्या निकालांखेरीज त्यांना काही दाखवता येत नव्हतं. तोंडी आकडा सांगणंही त्यातच आलं. आपल्याकडे गाइडला नाही म्हणायचं कसं, हे कुणी शिकवत नाही. प्रशिक्षणात मात्र नेमका हाच प्रसंग सरावासाठी दिला होता, आणि तिथे पाठ केल्यासारखं उत्तर मी दिलं: सर, तुम्ही मान्यता घ्या, मी अर्जात नाव घालते. ते आधी हसले, मग थोडे चिडले. शेवटी त्यांनी स्वतः प्रशिक्षण केलं आणि परत आल्यावर मलाच माझ्या जुन्या मसुद्यातल्या एका तक्त्याबद्दल विचारलं, ‘यात वजाबाकी होते का गं?’

निकाल बाहेर काढायची रीत अशी. काय बाहेर न्यायचं त्याची फाइल करायची, प्रत्येक चल राशी म्हणजे काय ते लिहायचं, प्रत्येक चौकटीमागे प्रत्यक्ष किती माणसं आहेत ते जोडायचं. मग तपासनीस बघतात, एकानंतर दुसरा. शंभर तक्ते पाठवले तर तपासनीस कंटाळतो, आणि कंटाळलेल्या माणसाच्या नजरेतून एखादा सुटतो. त्यामुळे लेखात जाणार तेवढंच मागा, असं वर्गात बजावलं होतं. मी एवढं ऐकून अगदी थोडे तक्ते मागितले. त्यातला वेल्समध्ये घरोघरी जाऊन सेवा करणाऱ्यांचा एक तक्ता परत आला: एका चौकटीत माणसं पुरेशी होती, पण मालक एकच असण्याची शक्यता होती. मी दोन प्रदेश एकत्र केले. निष्कर्ष बदलला नाही, पण तो बदलला असता तरीही मला हेच करावं लागलं असतं, आणि ही गोष्ट मी अजून पूर्ण पचवलेली नाही.

ती का पचत नाही ते माझ्या पुण्याच्या मैत्रिणीमुळे कळलं. ती बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांवर पीएचडी करते. तिथल्या बायकांच्या गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ साली विधिमंडळापर्यंत गेला होता आणि सरकारनं चौकशी समिती नेमली होती. तो सगळ्यांना ठाऊक आहे. हिनं वेगळ्या गावांत घरोघरी बसून काम केलंय. प्रबंध पुरा होत आला तेव्हा तिनं मला एक प्रकरण वाचायला पाठवलं.

गावांची नावं तिनं घातली नव्हती. गाव अ, गाव ब, गाव क. पण कार्यपद्धतीच्या प्रकरणात गाव ब तालुक्याच्या ठिकाणापासून किती किलोमीटर, तिथे तांडा आहे, आणि जवळ कुठला कारखाना, हे सगळं होतं. ऋणनिर्देशात सरपंचांचे आणि आशाताईंचे नावानिशी आभार. तक्त्यात वयोगट, जात, शस्त्रक्रियेचं वर्ष, दवाखाना सरकारी की खासगी. चौकटींत एक, दोन, तीन. प्रबंध मंजूर झाला की ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या खुल्या संकेतस्थळावर चढणार, म्हणजे त्या गावातल्या बारावी झालेल्या पोरालाही मोबाइलवर वाचता येणार. मुकादमालाही.

मी फोनवर तिला सगळं सांगितलं. वर्ष काढून पाच-पाच वर्षांचे गट कर, गावाऐवजी तालुका घाल, ऋणनिर्देशातली नावं काढ. आभार तिनं लगेच बदलले. पण तांड्याच्या तक्त्यावर ती अडली. ‘अगं, तांड्यावरच्या चाळिशीपुढच्या एकूण एक बाईची पिशवी काढलीय. हाच तर माझा निष्कर्ष आहे. तो तालुक्यात मिसळला की उरलं काय?’

तिचं खरं होतं. भरलेली चौकट म्हणजे तिथे धोकाही होता आणि शोधही होता. अ‍ॅशच्या बाबतीत मी दोन प्रदेश एकत्र केले आणि पुढे गेले, कारण माझ्या डेटामागच्या माणसांना मी कधी पाहिलेलं नाही. ती त्यांच्या घरी जेवली होती.

आणि त्यातली एक बाई तिला म्हणाली होती, माझं नाव लिही, लपवू नकोस, कुणाच्या बापाला भिते का मी. मैत्रिणीला वाटत होतं, तिची संमती आहे तर तिची कहाणी नावासकट घालावी. मी म्हटलं, संमती तिची एकटीची आहे. तिचं नाव आलं की तांडा कळला, आणि तांडा कळला की चौकटीतल्या बाकीच्या सगळ्या कळल्या. त्यांना कुणी विचारलंय? ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘मी जाऊन विचारते.’

ती दिवाळीनंतर, टोळ्या कारखान्यांकडे निघायच्या आत जाऊन आली. काही जणी हो म्हणाल्या, दोघी-तिघी स्पष्ट नाही म्हणाल्या, एकीच्या सुनेनं बोलूच दिलं नाही. आता प्रबंधात तक्ता तालुक्याचा आहे, आणि तांड्याबद्दल ‘बहुसंख्य’ एवढाच शब्द. त्या बाईची कहाणी वेगळी लिहायची, तांड्याचा काहीही पत्ता लागणार नाही अशा बेतानं, आणि नाव घालायचं की नाही ते तिच्याशी पुन्हा बोलून ठरवायचं, असं आमचं ठरलं. तिच्या गाइडना ‘बहुसंख्य’ पसंत नाही. परीक्षक आकडा विचारतील, म्हणतात. पुढच्या आठवड्यात आम्ही तिघं ऑनलाइन बोलणार आहोत, आणि १,३४२ वजा १,३३८चं उदाहरण मी स्लाइडवर घालून ठेवलंय.